खडी फोडून घेतलेलं मशीन

दुष्काळाच्या साली मी आणि माझी सासू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. मानोऱ्याहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, दोन फर्लांगावर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. नवरा बाजाराच्या गावी एका कचेरीत चपराशी होता. नोकरी नवी आणि कच्ची होती. तो सकाळी सायकलनं जायचा आणि संध्याकाळी यायचा. आम्ही दोघी दिवसभर उन्हात हातोडी चालवायचो. दगडाचे कपरे उडून गालात रुतायचे. एक दिवस माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यात कपरा गेला. ती ओरडली नाही. डोळ्यावर हात दाबून नुसती बसून राहिली, आणि बोटांच्या फटीतून रक्त मनगटावर उतरलं. मुकादमानं तिला झाडाखाली नेलं आणि तिची जागा दुसरीला दिली. तिचा तो डोळा गेला. त्या दिवशी मी ठरवलं, हे काम संपलं की सावलीत बसून करायचं काम धरीन.

मजुरीतून जे वाचलं ते सासूनं जपून ठेवलं, आणि पाऊसपाणी मार्गाला लागल्यावर आम्ही शिलाईचं पायमशीन घेतलं. मी माहेरी असताना शिवण शिकले होते. बाजाराच्या गावात मशिनींचं एकच दुकान होतं. दुकानदार पावतीवर नवऱ्याचं नाव लिहायला लागला, तेव्हा सासू म्हणाली, "हात हिचे फुटले. नाव हिचं लिवा." नवरा हसला. दुकानदारानं माझं नाव लिहिलं.

दुकानाचा एक मिस्त्री होता. उंच, अंगानं सडपातळ, कानावर विडी खोचलेला. बैलगाडीत मशीन चढवताना त्यानं मला मशीनचं डोकं, म्हणजे फळीवरचा लोखंडी भाग, उलटं करून दाखवलं. खालच्या स्क्रूंवर लाल लाखेचा ठिपका होता. सुईच्या बाजूच्या पत्र्यावरही तसाच होता.

"हे सील हाये. तोडायचं नाई. बिघडलं का दुकानात आणायचं."

"अन् तुमाले वेळ नसला तर?"

"तर थांबायचं. सील तुटलं का आमी हात लावत नाई, अन् सामान बी देत नाई."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवी वस्तू होती, मी तिच्याकडे बघण्यात दंग होते.

पहिल्यांदा ते बिघडलं जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर. वस्तीतल्या आणि गावातल्या पोरांच्या खाकी चड्ड्या माझ्याकडे आल्या होत्या. टाके सुटायला लागले, मग सुया मोडायला लागल्या. मशीन गाडीत घालून दुकानात नेलं. ते पाच आठवडे तिथं पडून राहिलं. मी तीन वेळा पायी गेले. दर वेळी ते कोपऱ्यात तसंच उभं असायचं, वर कुणाची तरी छत्री ठेवलेली. चड्ड्यांचं कापड मी लोकांना परत केलं. शेवटी मशीन मिळालं तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. बॉबिन ज्यात बसते ते शटल रोज बोटाला गुळगुळीत लागायचं. आता ते खरखरीत होतं, कडेला गंजाचा डाग होता. मी दुकानात जाऊन सांगितलं, हे माझं शटल नाही.

दुकानदार म्हणाला, "खडी फोडून तुहे डोळे गेले वाटते."

मिस्त्री खाली मान घालून एका मशीनला तेल देत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, मशीन पुन्हा अडकलं. चाक अर्धं फिरून थांबायचं. एका नवरीची चार पोलकी बेतून ठेवलेली होती आणि लग्नाला आठ दिवस होते. दुकानात नेणं म्हणजे लग्न होऊन नवरी बाळंतपणाला माहेरी येईस्तोवर वाट पाहणं, असं सासू म्हणाली.

माझे वडील अनसिंगचे, रेल्वेच्या गँगमध्ये होते. रूळांचे बोल्ट आवळण्यात त्यांचा जन्म गेला. घरचा कंदील असो की रहाटाची चाकी, ते स्वतः खोलायचे आणि आम्हा बहिणींना शेजारी बसवायचे. म्हणायचे, "जे माणसानं आवळलं, ते माणसाले ढिलं करता येते. फक्त कोणतं पहिले काढलं ते ध्यानात ठेवा." लग्नात त्यांनी मला भांड्यांबरोबर स्क्रू काढायचा एक पेचकस दिला होता. सासरचे लोक त्यावर बरेच दिवस हसले.

दुपारी सासू विहाराच्या ओट्यावर बायकांत बसली होती. मी दार लोटलं. चुलीत दाभण तापवलं आणि लाखेवर टेकवलं. लाख वितळून तिचा लाल थेंब माझ्या पायावर पडला, तिथं फोड आला. मग एकेक स्क्रू काढला आणि कणकेच्या परातीत काढल्या क्रमानं मांडला. आत काय आहे याची मला फार भीती वाटत होती. आत धाग्याचा एक काळा, तेलकट गोळा होता, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. शटलच्या टोकाला मोडक्या सुईनं ओरखडा पडला होता आणि धागा त्यात अडकत होता. मी गोळा काढला, विळ्याला धार लावायच्या दगडावर शटलचं टोक हलकेच घासलं, सगळं रॉकेलनं धुतलं आणि परातीतले स्क्रू उलट्या क्रमानं लावले. तेल घातलं, पाय मारला. मशीन चाललं. मी चिंधीवर नुसतीच शिवत सुटले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कितीतरी वेळ.

संध्याकाळी नवरा आला. जमिनीवर लाखेचा तुकडा पडला होता, तो त्याच्या चपलेखाली आला. त्यानं उचलून पाहिला.

"सील तोडलं?"

"बंद पडलं व्हतं. चालू केलं पाहा."

"तुले कोणं सांगतलं तोडाले?"

"मशीन माहं हाये."

त्यानं मारलं. त्याआधी त्यानं माझ्यावर हात उचलला नव्हता. पहिली थप्पड कानावर बसली आणि घर फिरल्यासारखं झालं. दुसरीनं मी मशीनवर आदळले, खालच्या लोखंडी जाळीवर तोंड आपटलं, ओठ दातात फाटला. तो मारत होता आणि बोलत होता, आणि बोलताना त्याचा आवाज रडवेला होता. दुकानदाराची आणि कचेरीतल्या बड्या बाबूची रोजची ऊठबस होती. सील तोडलेलं त्यांना कळलं तर नोकरी जाईल, म्हणत होता. "मले कच्च्यातून पक्कं व्हायचं हाये, कळते का तुले?" सासू धावत आली आणि मध्ये पडली. एक तडाखा तिलाही बसला. तेव्हा तो थांबला आणि बाहेर जाऊन बसला. मी रक्त थुंकलं, तोंड धुतलं आणि सुजल्या ओठानं नवरीचं पहिलं पोलकं शिवायला घेतलं. मला त्याचा राग आला होता. पण मशीनच्या आवाजाचं सुख त्या रागापेक्षा मोठं होतं, हेही खरं आहे.

वस्तीत गोष्ट लपत नाही. पंधरा दिवसांत शेजारची बाई तिचं मशीन घेऊन आली, मग वरच्या गावातली एक. मग मानोऱ्याकडच्या तांड्यावरून एक बंजारा बाई आली. तिनं आणि तिच्या जावेनं मशीनचं डोकं फडक्यात गुंडाळून चार कोस आळीपाळीनं डोक्यावरून आणलं होतं. तिचं मशीन दुकानात जाऊन आलं होतं आणि चार दिवसांत पुन्हा अडलं होतं. मी पाहिलं, तर तिच्या शटलवरही जुना गंज होता. "दुकानवाल्यानं नवं काढून जुनं टाकलं," मी म्हणाले. तिनं ते बोटानं चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "मले वाटे मलेच चालवता येत नाई." ती तिथून उठली ती थेट दुकानात गेली आणि भर बाजारात दुकानदाराला बोलली. माझं नाव तिनंच सांगितलं. ते तिनं लपवावं असं मीही म्हटलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी दुकानदार आमच्या दारात आला. सोबत मिस्त्री, दोन हमाल आणि एक हातगाडी. घरात मी आणि सासू होतो.

"मशीन उचला," तो हमालांना म्हणाला.

मी दारात आडवी झाले. "काहून? पैसे पूर्ण देल्ले, पावती हाये."

"सील तोडलं तू. अन् लोकायचे बी तोडून राह्यली. माह्या दुकानाची बदनामी करून राह्यली. मशीन जमा व्हईन."

"कोण्या कायद्यानं?"

"तू मले कायदा शिकवतं?" त्यानं मला खांद्याला धरून बाजूला फेकलं. माझं डोकं चौकटीला लागलं. सासू ओरडत आली, तिच्या पोटात त्यानं लाथ घातली. म्हातारी कळवळून खाली बसली आणि तिथंच ओकली. हमाल अंगणातच थांबले. त्यातला एक म्हणाला, "आमी गाडी वढाले आलो, मालक. बायावर हात टाकाले नाई." आणि खरंच ते पुढे आले नाहीत. मग मिस्त्रीच पुढे झाला. त्यानं मशीनचं डोकं बिजागरीवर मागं उलटवलं, खालचे पेच ढिले करायला. मी उठले आणि डोकं धरायला हात घातला. माझी बोटं लाकडी फळीच्या कडेवर होती. ते बिडाचं अवजड डोकं खाली आलं.

हाड मोडल्याचा आवाज सुकी तुरीची काडी मोडावी तसा असतो. दोन बोटांचे दोन आवाज मी वेगवेगळे ऐकले. दुखणं नंतर आलं. बोटं अडकलेली होती, मी डाव्या हातानं डोकं उचलून ती सोडवली. ती मागच्या बाजूला वळली होती.

कोपऱ्यात रस्त्याच्या कामाची हातोडी होती. कोळसा फोडायला आम्ही ती ठेवली होती. मी ती डाव्या हातात घेतली. मिस्त्री वाकून पेच काढत होता. मी त्याला हाक मारली नाही, सावध केलं नाही. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या हाडावर मारली. तो एका गुडघ्यावर आला. त्याचा हात लुळा लोंबला. मी पुन्हा हातोडी उचलली. त्या वेळी मला थांबायचं नव्हतं. त्याचं डोकं फुटावं असंच मला वाटत होतं. सासूनं खाली बसल्या बसल्या माझा पाय धरला म्हणून दुसरा घाव मशीनच्या फळीवर पडला आणि फळी उभी चिरली. पुढं कितीदा तरी मी स्वतःला विचारलं, सासूनं पाय धरला नसता तर? उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून तो दिवस मी कुणाला शौर्य म्हणून सांगत नाही.

दुकानदारानं माझ्या हातातली हातोडी हिसकली आणि मशीन लाथेनं पाडलं. डोकं बिजागरीतून निखळून अंगणात गेलं. एवढ्यात वस्ती गोळा झाली होती, आणि सायकल टाकून नवराही आला. हातगाडी आमच्या वस्तीकडे निघाल्याचं कचेरीत त्याला कुणीतरी सांगितलं होतं. अंगावर खाकी कपडे तसेच होते. मला वाटलं, आता हाही मारेल. त्यानं माझा हात पाहिला. आईकडे पाहिलं. मग अंगणात पडलेलं मशीनचं डोकं उचललं, आत आणून ठेवलं आणि दारात बसला.

"ऊठ," दुकानदार म्हणाला.

"नाई उठत."

दुकानदारानं सगळ्यांदेखत त्याच्या तोंडात मारली. "चपराशा, उद्या तुही नोकरी नाई."

"बरं," नवरा म्हणाला. दुसरी बसली, तिसरी बसली. त्यानं हात वर केला नाही आणि दारही सोडलं नाही. नाकातून रक्त येऊन खाकी सदऱ्यावर पडलं. चौथ्या वेळी हमालानंच मालकाचा हात धरला आणि वस्तीतली माणसं पुढे सरकली. मग दुकानदारानं हात सोडवला आणि तो मिस्त्रीला घेऊन थेट चौकीत गेला.

संध्याकाळी आम्हाला बोलावणं आलं. गावातल्या हाडवैद्यानं माझी बोटं बांबूच्या कामट्यांत बांधली होती. चौकीत एक वयस्क जमादार होता. मिस्त्री बाकावर होता, हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा. दुकानदारानं आधीच सांगून ठेवलं होतं, की मिस्त्री मशीन तपासायला गेला, त्याच्या हातून डोकं निसटलं आणि या बाईनं हातोडीनं खून करायचा प्रयत्न केला.

जमादारानं पावती मागितली. उलटून पालटून वाचली.

"यात लिवलं का सील तुटल्यास दुकान जबाबदार नाई. मशीन वापस घ्यायचं कुठी लिवलं?"

"तसा रिवाज हाये," दुकानदार म्हणाला.

"रिवाज राहू द्या. मशीन कोणाचं?"

"इकलं त्याईले. पण खोलायचा हक्क नाई इकला."

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू कायले खोललं?"

"बंद पडलं व्हतं साहेब. माह्या घरचं जातं बंद पडलं तर मी कोणाले विचारू?"

त्यानं कागद पुढे ओढला. म्हणाला, दोन्हीकडं हाडं मोडलीत, समझोता करा. दुकानदार तयार झाला, पण त्याची अट होती. मी यापुढे कुणाचंही मशीन उघडणार नाही, असं लिहून अंगठा द्यायचा. मी म्हणाले, मला सही येते आणि मी करणार नाही. जमादार वैतागला. "मंग हे मार्गी नाई लागत. यायचं म्हणणं हाये का डोकं निसटलं. तू मुद्दाम मारलं. तुह्यावर केस व्हईन, मशीनवर नाई."

नवरा हळूच म्हणाला, "कर सही." मी त्याच्याकडे पाहिलं. मग तोच म्हणाला, "नको करू."

तेव्हा बाकावरून मिस्त्री बोलला. "निसटलं नाई साहेब. मी सोडलं."

मिस्त्री भिंतीकडे बघत होता. "मालक म्हणले व्हते, हात घातला तर घालू दे, पडू दे वरून. मी पाहून सोडलं. कारागिराचे बोटं व्हते थे."

दुकानदार उठला आणि त्यानं मिस्त्रीच्या गळ्यात बांधलेल्या हातावर बुक्की मारली, अगदी मोडल्या जागी. मिस्त्रीचा जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. जमादारानं दुकानदाराला बखोटीला धरून भिंतीला लावलं. त्यानंतर समझोत्याचा कागद अटीशिवाय लिहिला गेला. मी माझी वेडीवाकडी सही डाव्या हातानं केली.

नवऱ्याची नोकरी महिनाभरात गेली. तो पुढं दोन वर्षं शेतमजुरी करत राहिला, मग दुसऱ्या खात्यात लागला. पावसाळाभर माझा हात कामाचा नव्हता. अनसिंगहून वडील रजा काढून आले. चिरलेल्या फळीला त्यांनी लोखंडी पट्टी मारली आणि बिजागरी नवी घडवून आणली. माझ्या हाताकडे मात्र त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. जायच्या दिवशी म्हणाले, "पेचकस डाव्या हातानं धराची सवय कर." मी केली. दुकान आम्हाला सुईसुद्धा विकत नव्हतं. मी एसटीनं अकोल्याला जाऊन सामान आणायची, एका खेपेला पुरेल तेवढं.

थंडीत एक दिवस मिस्त्री आला. त्याचीही नोकरी तिथंच संपली होती. त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला. सासूनं त्याला पाणी दिलं नाही. मी दिलं. तो माफी मागायला आला असेल असं मला वाटलं, आणि मीही मागावी की काय, असं मनात आलं. दोघांनीही मागितली नाही. आत माझं मशीन चालू होतं, शेजारची बाई चालवत होती. तो ऐकत होता.

"सुईदांडी केसभर खाली बसवली तुनं," तो म्हणाला. "म्हून जाड्या कापडावर टाका सुटते."

"किती वर घेऊ?"

"दाखवतो."

त्यानं डाव्या हातानं दाखवलं, मी डाव्या हातानं केलं. नंतर तो हिवाळाभर दर बाजाराला येत राहिला. मला जे येतं त्यातलं निम्मं त्याच्याकडून आलं. मग तो बायकोच्या गावी निघून गेला. पुढे काही कळलं नाही.

त्या दुकानानं काही वर्षांनी सील लावणं बंद केलं. ते माझ्यामुळे झालं असं लोक म्हणतात, पण तसं नाही. दुसरं दुकान उघडलं आणि ते कुणालाही सामान विकायचं, म्हणून ह्यालाही विकावं लागलं.

नवऱ्यानं त्या दिवसानंतर माझ्यावर कधी हात उचलला नाही, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. उचलला. दोनदा. दुसऱ्या वेळी मी त्याला सांगितलं, की दारात बसून मार खाणारा माणूस मी पाहिला आहे, आणि मला तोच नवरा म्हणून चालतो. तो सायकल घेऊन निघून गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. येताना त्यानं बाजाराच्या गावातल्या त्या दुसऱ्या दुकानातून माझ्यासाठी तेलाची कुपी आणली होती, मशीनच्या. मी ती घेतली. तांड्यावरच्या त्या बंजारा बाईकडून तीन मशिनी बंद पडल्याचा निरोप आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले.